सांडलेलं उचलणारी कोंडामावशी

लग्न होऊन मी त्या गावात गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात केस विंचरायला बसले. शेजारच्या दारातून एक बाई तरातरा आली, माझ्यापुढे उकिडवी बसली आणि जमिनीवरून काहीतरी वेचू लागली. मला वाटलं, तांदूळ सांडलेत. बघते तर माझेच केस. एकेक केस तिनं चिमटीत धरला, बोटाला गुंडाळला आणि ती गुंडाळी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "पोरी, सोताला असं वाटंवर टाकू नगंस."

ती कोंडामावशी. नात्याची कुणी नव्हे. सगळी आळी तिला मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, तिच्या भाकरी थापण्याचा आवाज माझ्या चुलीपाशी यायचा. गाव कोरेगावच्या पलीकडचं, उसाचं. घरटी एक माणूस पलटणीत. मी तासगावकडची, चौथी शिकलेली. आळीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे सगळ्यांची पत्रं माझ्याकडे यायची. पत्रात असेल ते मी वाचायची. गोड करून सांगायची सवय मला नव्हती, आजही नाही. एकीच्या नवऱ्यानं 'औंदा सुट्टीला येत नाही' असं लिहिलं होतं. ते मी तसंच वाचलं, तर ती बाई चार महिने माझ्याशी बोलली नाही. कोंडामावशीला मात्र हेच पटायचं. "इंदी वाचती ते खरं असतं," म्हणायची.

ती उंच होती, हाडं वर आलेली. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची नाही. तो पाय कुठे देतोय, त्याच्या अंगावरून काय पडतंय, हे बघत बोलायची. घरात ती, एकुलता एक मुलगा सदा आणि सून शालन. नवरा सदा रांगत असतानाच गेलेला.

तिच्या घरातून अंगाचं काही बाहेर जात नसे. कंगव्यातले केस चुलीत. नखं काढली की चिंधीत बांधून गोठ्यात पुरायची, आणि तीही मोजून, वीसची वीस. न्हाणीचं पाणी रस्त्यावर जाऊ नये म्हणून तिनं स्वतः फावडं घेऊन चर काढला होता आणि ते परसातल्या केळीकडे वळवलं होतं. ओल्या मातीतून चालत आली की दारात मागे वळायची आणि पायानं आपलाच माग मोडायची. फोटो तिनं कधी काढू दिला नाही. सदाच्या लग्नात फोटोवाला आला तर ही पदर ओढून परसात जाऊन बसली. मी विचारलं तर म्हणाली, "तोंड त्येच्या पेटीत, धड हितं. मग मी कुठं गं?"

कोरेगावच्या बाजारात एक म्हातारे मुसलमान शिंपी होते. सदाचा सदरा त्यांच्याकडे शिवायला टाकला की ही दुकानाच्या पायरीवर बसून राहायची, सदरा पुरा होईपर्यंत. उरलेल्या कापडाचा तुकडान् तुकडा मागून घ्यायची. एकदा मी बरोबर होते. शिंप्यांनी सगळ्या चिंध्या गोळा करून तिच्या ओटीत टाकल्या आणि म्हणाले, "घ्या आक्का, तुमचा लेक. सुईत वीतभर दोरा ऱ्हायलाय, त्योबी देऊ का काढून?"

"द्या की," ती म्हणाली.

त्यांनी हसत हसत सुईतला दोरा ओढून दिला. ती हसली नाही. तिनं तो कनवटीला खोचला.

आणि केसांवर सुया-पिना देणारी बाई गावात आली की कोंडामावशी वाटेत आडवी उभी राहायची. आळीतल्या बायका वर्षभराचे गळलेले केस भिंतीच्या भोकात साठवून ठेवायच्या आणि त्या बाईला देऊन सुया घ्यायच्या. मीही साठवले होते. घेऊन निघाले तर मावशीनं मनगट धरलं. "दे. पर आदी तिच्या टोपल्यात वाकून बघ." मी वाकून बघितलं. काळे, पिकलेले, मेंदीनं लाल झालेले, सगळे केस एका गोळ्यात गुंतलेले. कुठला कुणाचा ते ओळखू येत नव्हतं, पण सगळी आळी त्या टोपलीत डोकं घालून पडल्यासारखी दिसली. मी माझे केस परत घेऊन आले आणि चुलीत टाकले. त्याचा घाण वास घरभर झाला. सासू ओरडली. मला भीती वाटली होती आणि ती कबूल करायची लाज वाटत होती.

हे तिला कुठून लागलं, ते शालननं मला सांगितलं. सदाच्या आधी तिला एक मुलगी होती, आठ महिन्यांची. एकदा बाजारातून आल्यावर तिला दिसलं की मुलीच्या कुंचीचा एक कोपरा कुणीतरी कात्रीनं कापून नेलाय. रुपयाएवढा तुकडा. आठ दिवसांत मूल गेलं. त्या साली गावात गोवर होता, माझ्या सासूच्या सांगण्याप्रमाणे आणखीही मुलं गेली होती. पण कोंडामावशीच्या लेखी मुलगी त्या तुकड्याबरोबरच गेली होती. ती कुंची तिनं जपून ठेवली होती. मी एकदा बघितली. कोपरा खरोखरच कापलेला होता, सरळ, धारदार. उंदरानं कुरतडलेला नव्हता. एवढंच मी सांगू शकते.

अंगाच्या तुकड्याला ती जितकी भ्यायची, तितकीच बोलण्यातल्या तुकड्यालाही भ्यायची. ऊसतोडीला टोळी आली की मुकादम म्हणायचा, "औंदा वीस कोयते आणल्यात." एक कोयता म्हणजे नवराबायकोची एक जोडी, आणि एकटीदुकटी बाई असली तर अर्धा कोयता. सगळे असंच बोलतात. कोंडामावशी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"कोयतं आणलंस, आन् माणसं कुठं ठिवून आलास?"

"आवं मावशी, बोलायची रीत हाय ती."

"आपुन म्हणताव रीत. ऐकणारा खरं धरतो, आन् बोललं तसंच करून ठिवतो."

"ऐकणारा कोण?"

"नाव घिऊ व्हय त्येचं, तिन्हीसांजंचं?"

मुकादम हसला, पण त्यानं टोपी काढून परत घातली, हे मी बघितलं.

वरच्या आळीचा दगडू आपल्या भावाला चारचौघांत म्हणायचा, "आमचा नामा म्हंजी माझा उजवा हात." तिनं त्याला दोनदा बजावलं होतं, "भाऊ म्हण, नामा म्हण, हात म्हणू नगंस." पुढच्या गुऱ्हाळात ऊस सारताना नामाचा हात चरकात गेला. उजवा. गुऱ्हाळात दरसाल कुणाचा ना कुणाचा हात जायचाच, दोनांतला एक उजवा असणारच. मी असं म्हणाले तेव्हा कोंडामावशीनं वाद घातला नाही. नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. त्यानंतर मीही आमच्या यांना 'घरातला एकच कमावता हात' म्हणायचं सोडून दिलं.

सदा भरती झाल्यावर पहिल्या सुट्टीला आला तो केस बारीक कापून. देखणा होता, हसरा. सगळे त्याच्या बुटांकडे बघत होते. ती त्याच्या डोक्याकडे बघत होती.

"केस कुठं हायत?"

"कापलं की, आये. पलटणीत समद्यांचंच कापत्यात."

"कापलं ते कळलं. ठिवलं कुठं?"

"आता काय सांगावं! न्हावी बसतो, आमी रांगंत बसताव, शंभर-शंभर जण. ढीग पडतो एवढा." त्यानं गुडघ्याएवढा हात धरला. "मग झाडूवाला नेतो."

"कुठं नेतो?"

"मला काय ठावं?"

ती भिंतीला टेकली. तिच्या तोंडाला एकदम राख फासल्यासारखं झालं. "एका ढिगात," म्हणाली. "इतकी पोरं एका ढिगात! कुणी उचललं म्हंजी?" सदा हसायला लागला. शालन हसली, मीही हसले. ती सुट्टीभर त्याच्यामागे हिंडत होती. जाताना त्याला म्हणाली, "तुझं काईबी माझ्याकडं न्हाई रं. समदं तिकडं हाय."

मग एकाहत्तरची लढाई झाली. थंडीचे दिवस होते. गावात कुणाच्या तोंडाला चव नव्हती. पोस्टमनची सायकल आळीत शिरली की बायका आत जायच्या, दार लावून घ्यायच्या, जशी काही दार लावल्यानं तार परत जाणार होती. तार आली ती इंग्रजीत. शाळेतल्या गुरुजींनी अर्थ लावून मराठीत कागदावर लिहून दिला. वाचायची मीच. मी वाचलं, "आपला मुलगा सापडत नाही. शोध चालू आहे."

तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "गेला, असं लिव्हलंय का कुठं?"

"न्हाई."

"मग सापडत न्हाई म्हंजी हाय. सापडत न्हाई ते कुठंतरी असतंच."

कागदावर तेवढंच होतं.

काही महिन्यांनी सदाची ट्रंक आली. काळी, वर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. ती बैलगाडीतून उतरवली तशी आळीतल्या बायकांनी गळा काढला. ट्रंक आली म्हणजे माणूस गेला, असंच सगळे धरतात. कोंडामावशी दारात येऊन ओरडली, "पेटीला काय रडताय? पेटी आली, सदा आला न्हाई. जावा आपापल्या घरला." ट्रंकेत कपडे होते, बनियन, शालननं माझ्याकडून लिहून घेतलेली चार पत्रं, आणि दाढीचा वस्तरा. वस्तऱ्याला दोन-चार बारीक काळे केस चिकटलेले होते. ते बघून शालन मटकन खाली बसली. मावशीनं वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि ट्रंकेला कुलूप लावलं. त्या दिवसापासून ती उघडली नाही.

लगोलग दुष्काळ पडला. सगळं गाव खडी फोडायला गेलं, पाटलाच्या सुनासुद्धा. तिथे मस्टरवर अंगठा द्यावा लागायचा. कोंडामावशी खडी फोडायला तयार, अंगठा द्यायला नाही. "अंगठा दिला म्हंजी बाई दिली," म्हणायची. मी म्हणाले, सही शिका मावशी, मी शिकवते. तर म्हणाली, "नाव लिव्हून दिलं म्हंजी तर वर काय उरलंच न्हाई." शेवटी मी शालनला सही शिकवली. चुलीच्या राखेत बोटानं गिरवून गिरवून ती 'शालन' लिहायला शिकली. मग मस्टरवर ती एकटीच असायची. मावशी फुकट तिच्याबरोबर खडी फोडायची.

शालन तेव्हा विशीची, मूल नाही. कष्टाळू होती, बोलायची कमी. एकदा विहिरीवर मला म्हणाली, "वैनी, मी कोन हाय ते सांगा. कपाळाला लावलं तर बाया बघत्यात, न्हाई लावलं तर आत्या बघत्यात." कुठल्या लग्नात तिला ओटी भरायला बोलवायचे नाहीत, आणि कुठल्या मयतीत विधवांच्यात बसवायचे नाहीत. बायका तिला ओलांडून हळदीकुंकू देत. तीन-चार वर्षं हे चाललं.

मग कागद आला. मराठीत होता, मीच वाचला. इतकी वर्षं काही खबर नाही, तेव्हा सदर इसम हयात नाही असं घरच्यांनी कबूल करून द्यावं. साताऱ्याच्या कचेरीत येऊन बायकोची सही आणि आईचा अंगठा. तसं झालं की शालनला सदाच्या मागच्या पैशांवरचा तिचा हक्क मिळणार होता. शिवाय शालनचं माहेरही माझ्यासारखं तासगावकडचंच, तिथून तिचा भाऊ येऊन गेला होता. तिकडे एक बिजवर होता, द्राक्षबागेवर कामाला, स्वभावानं बरा. पाट लावायला तयार होता. पण नवरा कागदावर जिवंत असताना कसा लावणार? भाऊ म्हणाला, "मावशी, एका अंगठ्यापाई पोरगी कुजाया लागली."

"एका अंगठ्यापाई माझं पोर मरंल," ती म्हणाली. "तिकडं कुठं तरी अडकलंय, जितं हाय. आईनंच मेला म्हणून सांगितल्यावर त्येला कोण जगू देईल?"

भाऊ परत गेला. शालन एक शब्दही सासूला बोलली नाही. तिनं मागितलं असतं, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती नुसती काम करत राहिली.

एके सकाळी मावशी आमच्या दारात आली. मुठीत काहीतरी होतं. उघडून दाखवलं. केसांचा एवढा गुंता, कबुतराच्या अंड्याएवढा. "शालीच्या फणीतला," म्हणाली. "एका दिवसाचा." मला म्हणायचं होतं की अन्न नाही अंगाला, काळजी आहे, केस गळणारच. पण ती त्या गुंत्यावरून नजर काढत नव्हती.

"असं थोडं थोडं करून ती चाललीया, इंदे. मी रोज उचलतीया, चुलीत टाकतीया, आन् मला कळंना व्हय!" मग म्हणाली, "कुठल्या हाताचा मागत्यात गं?"

"डाव्या."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं साताऱ्याला जायचं ठरलं. मी बरोबर जाणार होते, वाचायला कुणीतरी हवं म्हणून. मी भाकरी करून बांधत होते तेव्हा भिंतीपलीकडून वास आला. मला वाटलं, केस जाळतेय. पण केसांचा वास मला पाठ होता. हा तसा नव्हता. मी हाक मारली, "मावशी, काय जळतंय?"

"काय न्हाई. भाकरी लागली."

पण थापण्याचा आवाज आलाच नव्हता. मी हे त्याच वेळी ध्यानात घेतलं होतं आणि तरी उठून गेले नाही. का गेले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. मला बघायचं नव्हतं.

गाडीत ती खिडकीशी बसली. डाव्या हाताला फडकं बांधलेलं. शालननं विचारलं, "आत्या, काय झालं?" तर म्हणाली, "इळा लागला." तिच्या कपाळावर घाम होता आणि दात इतके घट्ट होते की गालाचं हाड हलत होतं. शालननं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

कचेरीत शालननं सही केली. राखेत गिरवलेली तीच तीन अक्षरं. मग कारकुनानं शाईचं पॅड पुढे सारलं. मावशी मला म्हणाली, "वाच एकदा." मी वाचलं, 'हयात नाही' हेसुद्धा मोठ्यानं वाचलं. तिनं फडकं सोडलं.

अंगठ्याचं पेर भाजलेलं होतं. वरची कातडी सुटून गेली होती, आतलं लालभडक, ओलं, कडेला पांढरं. एक रेघ शिल्लक नव्हती. शालननं तोंडावर पदर धरला. कारकून रजिस्टर उलटत होता, त्यानं न बघताच तिचं मनगट धरलं. ती अडखळली तसा म्हणाला, "आजीबाई, अंगठा मागतोय, जमीन न्हाई मागत," आणि शाईवर दाबून कागदावर टेकवला. तिच्या डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं.

कागदावर एक काळा डाग उमटला, पायाखाली चिरडलेल्या जांभळासारखा. कारकुनानं तो जरा तिरका करून बघितला. मला वाटलं, आता हा बोलणार, आता पकडणार. तो म्हणाला, "नीट उठला न्हाई. असू दे, अंगठा हाय ना, झालं." आणि डागाशेजारी लिहिलं, 'कोंडाबाई हिची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.'

बाहेर आल्यावर पायरीवर बसून तिनं फडकं परत बांधून घेतलं. शालन रडत होती. मावशी मला हळूच म्हणाली, "काय लिव्हलं त्येनं डागापाशी?" मी सांगितलं. ती म्हणाली, "लिव्हू दे. त्या अंगठ्यावर मी न्हाई. कुणीच न्हाई. शालीचं काम झालं, आन् माझ्या पोराला त्येच्या आईनं मेला म्हटलं न्हाई."

महिन्याभरात शालनचा भाऊ तिला न्यायला आला. आदल्या दिवशी कोंडामावशीनं सगळं घर झाडलं. खाटेखालून, जात्याच्या कोपऱ्यातून, उशीच्या अभ्र्यातून शालनचा केसन् केस वेचला. बांगडीचे फुटके तुकडे, टिकलीची डबी, अंथरुणाच्या शिवणीत अडकलेली एक पिन, चोळीचं तुटलेलं बटण. सगळं एका फडक्यात बांधून सुनेच्या हातात दिलं.

"घे. हितं तुझं काय ऱ्हायलं न्हाई. आक्खी जा."

शालन पाया पडली. मावशीनं तिला उठवलं नाही, ती पडली होती तिथला मातीतला माग तेवढा नंतर पायानं मोडला. शालनचं तिकडे बरं झालं. तिला पुढे मुलं झाली.

यानंतर गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. दोन-अडीच महिन्यांनी दुपारचा तोच वास भिंतीपलीकडून आला. या वेळी मी धावत गेले. तवा चुलीवर, तिचा डावा अंगठा तव्यावर, आणि उजव्या हातानं तिनं स्वतःचंच मनगट दाबून धरलेलं. मी ओढून काढलं. ओरडले, शिव्या दिल्या. ती म्हणाली, "रेघा परत आल्या गं, इंदे. बघितलं मी. तशाच. रेघा आल्या म्हंजी कागदावरचा अंगठा माझा व्हईल. मग मीच बोलली असं व्हईल."

अंगठ्यात पू झाला, ताप चढला. कोरेगावच्या डॉक्टरांनी पेर उघडून साफ केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर अंगठा काढावा लागेल, कदाचित हातसुद्धा, आणि या वयात ती वाचेलच असं नाही. मी तिचा तवा उचलून आमच्या घरी आणला. तिला भाकरी मी देत होते. पण तवा काय, कुणाच्याही घरी असतो. आणि निखारे तर चुलीत असतातच.

त्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तिला बोटाच्या रेघा दिसेनाशा झाल्या. अंगठ्याला स्पर्शही कळत नसे. मग ती दर आठ दिवसांनी हात पुढे करायची. "वाच." सुरुवातीला खपली होती, मग गुळगुळीत गुलाबी कातडी. मी असेल ते सांगायची. "काय न्हाई." ती बरं म्हणून हात मागे घ्यायची.

आमच्या यांची एसटीत सांगली डेपोला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं. मी निरोप घ्यायला गेले. सकाळचे दहा-साडेदहा असतील, तिच्या उंबऱ्यावर ऊन आलं होतं. ती तिथेच बसली होती. माझी चाहूल लागल्यावर तिनं डावा हात पुढे केला.

"जाताना एकदा वाच. हितून फुडं कोण वाचणार?"

मी तिच्याजवळ बसले, अंगठा उन्हात धरला. रेघा आल्या होत्या. बारीक, केसासारख्या, पण स्पष्ट. कडेनं वर्तुळं आणि मधोमध चक्र, जसंच्या तसं. जळलं होतं असं कुणी म्हटलं नसतं. मी बघत राहिले. आत चूल पेटलेली होती, तिचा लाल उजेड मला उंबऱ्यावरून दिसत होता.

"इंदे?"

"काय न्हाई मावशी. गुळगुळीत हाय."

"नीट वाचलंस?"

"वाचलं."

"कवा येत्याल का रेघा?"

"आता न्हाई यायच्या. डाग्दर म्हणालं हुतं, मूळच जळालंय."

ती बराच वेळ माझ्या दिशेनं तोंड करून बसली. तिला दिसत नव्हतं, तरी मी मान फिरवली. "इंदी वाचती ते खरं असतं," ती म्हणाली, आणि अंगठा बाकीच्या चार बोटांखाली घालून मूठ मिटली.

मी उठले. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. ती उजव्या हातानं मी बसले होते तो उंबरा चाचपू लागली. मला कळेना काय शोधतेय. मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर काहीतरी ठेवलं. माझा एक केस होता. वाकले तेव्हा पडला असेल.

"हितं काय ठिवू नगंस," ती म्हणाली.

मी मूठ मिटून ट्रकमध्ये बसले. ती सांगली येईपर्यंत उघडली नाही.